डोंगर फंड

मंडळीच्या हिशेबवहीत उजवीकडं
मी तांबड्या शाईनं एक खाना आखतो: डोंगर फंड.
अठरा वर्षं झाली. पट्टी तीच,
मिलच्या टाइम-ऑफिसातून माझ्यासोबत रिटायर झालेली.

आमची मंडळी म्हणजे कोण?
विडीच्या कारखान्यातल्या सातजणी, दोन रिक्षावाले,
आणि यंत्रमागावर दोन्ही कान ठेवून आलेला एलिशा भांबळ,
जो प्रार्थनासुद्धा ओरडूनच करतो.
बायका दळणाआधी ज्वारीतून मूठ वेगळी काढतात,
शेवटच्या रविवारी वेदीपुढं ओततात.
तोलायची, विकायची,
पैसे सातपुड्यात, हनोख शिरसाटला.

हनोख आमचाच, साखर पेठेतला. बायको नर्स.
जीप थांबते तिथून पुढं दोन ओढे आणि एक चढ.
त्याचं पत्र मी उपासनेनंतर वाचतो:
तापाचे अकरा. साप चावलेला एक, वाचला.
बाळंतपणं तीन.
मग पंचांतलं कुणीतरी खाकरतं,
"ते ठीक. पण बाप्तिस्मे किती?"
मी शून्य लिहितो.
शून्य मला छान जमतं,
मिल बंद पडली त्या वर्षी रोज काढायचो.

मागच्या थंडीत चादरी पाठवल्या. चाळीस.
कडेला वीण चुकलेल्या, मोराला चोच नसलेल्या.
अंबादास येमूलनं अर्ध्या भावात दिल्या, म्हणाला,
"देव तुमचा असंल, थंडी सगळ्यांचीच की."
महिन्यानं पत्र आलं:
एक चादर बांबूला बांधली. आत अडलेली बाई.
सात तास चाललो. दोघं सुखरूप.
वीण सुटली नाही, येमूलना सांगा.
त्या रविवारी कुणी खाकरलं नाही.

कापणीच्या सणाला हनोख आला,
सोबत खात्र्या, त्या बाईचा सासरा.
मुक्काम माझ्याकडं.
सकाळी त्यानं दारातली पिंपं मोजली,
नळ फिरवून पाहिला. नळानं नुसता श्वास सोडला.
"एवढ्या गावाला झरा नाही?"
उजनी सांगितली, पाइप सांगितला,
पाचव्या दिवशी येतं, तेही रात्री, हे सांगितलं.
तो बराच वेळ पिंपाकडंच बघत राहिला,
जसं आम्ही त्यांच्या फोटोंकडं बघतो.

देवळात तो बाकावर बसला नाही.
वेदीपुढं भगरीची पिशवी ठेवली, काही बोलला.
हनोख अडखळला, मग म्हणाला,
"हे तुम्हाला. तो म्हणतो, पाड्यात जाऊन सांगीन,
सोलापुरात पाणी नाही.
आमच्याही बायका मूठमूठ काढतील."

मागच्या बाकांवर हसू फुटलं
आणि पुढं येईस्तोवर विरलं.

ही भगर कुठल्या खान्यात?
पेन उघडं ठेवून बसलो.
माझी पणजी मोठ्या दुष्काळात
मिशनच्या फाटकाशी सोडलेली. नाव कुणाला ठाऊक नव्हतं.
समुद्रापलीकडं, बर्फाच्या कुठल्या गावात,
माझ्यासारख्याच एखाद्या खजिनदारानं
पट्टी धरून लिहिलं असेल:
मुलगी एक. वय अंदाजे सहा. खर्च.
तिला काय द्यायचं होतं,
तो खाना त्याच्याही वहीत नसणार.

डोंगर फंडाच्या शेजारी
मी दुसरी रेघ ओढली. थोडी वाकडी आली.
भगर, पिशवी एक. जमा.
पलीकडचं शून्य तसंच ठेवलं,
खोडायचं कारण नव्हतं.

रात्री अडीचला नळ आला.
खात्र्या माझ्याआधी उठला होता,
पहिलं पिंप अर्धं झालेलं,
अंधारात हंडा पुढं करत
हातानंच म्हणाला, धर.