अंधाराची जोडणी

बावीस वर्षं मी या किनाऱ्यावर दिवे बसवले.
मोटेलं, मासेमारीचा धक्का, हार्लनची खेकड्यांची खानावळ,
समुद्राकडे तोंड करून उभे सोळा-सोळा मजले.
सगळ्यांना एकच हवं असायचं :
रात्रीसुद्धा लाटा दिसल्या पाहिजेत, थर्लो.
मी दाखवल्या.
शिडीवर चढून, दातांत स्क्रू धरून
मध्यरात्रीच्या वाळूवर ओतली
चारशे वॉटची पांढरीफटक दुपार.

टेकड्यांच्या पोटात कोण राहतं
हे वायरिंगच्या नकाशात नसतं.

मग मार्चमधल्या एका सकाळी
बिस्किटने पायपुसण्यावर काहीतरी आणून ठेवलं.
बिस्किट ही लोरेटाची मांजर.
लोरेटा गेली, मांजर राहिली,
आणि राहिली तिची सवय :
आवडलेली वस्तू दारात आणून ठेवायची
आणि बाजूला बसून वाट पाहायची.

पाठ वाळूच्या रंगाची. पोट पांढरं.
कान इतके पातळ की त्यांतून ऊन आरपार.
मी तो उंदीर फॉइलमध्ये गुंडाळला,
फ्रीजरमध्ये ठेवला गळाच्या कोळंबीशेजारी,
आणि उद्यानाच्या ऑफिसात फोन केला.
का केला, सांगता येणार नाही.

टलूला फॉन्टेनो आली, चिखलाच्या बुटांनी.
रागावली नाही. छोटा काटा काढला.
बारा ग्रॅम, म्हणाली. मादी. पोटात चार.
मी उगाच खिशातली चिल्लर काढून
तळहातावर तोलली :
पाच पेन्या, जेमतेम.
उंदराला मांजर साक्ष, ती खिडकीत पंजा चाटत होती.

नर असेल बिळात, टलूला म्हणाली,
ही जोडी सहसा मोडत नाही.
बिळाला मागचं दार असतं, वाळूचं पातळ बूच लावलेलं,
साप आला तर फोडून पळायला.
चंद्र मोठा असला की बाहेर पडत नाहीत,
अमावास्येला निघतात दाणे वेचायला.
आणि इथे तर बावीस वर्षं पौर्णिमाच चालू आहे,
कुणी लावली कोण जाणे.

मी माझे बूट पाहत राहिलो.

वादळाने पुढची रांग सपाट केली तेव्हापासून
ती लोकं दर शनिवारी येतात,
समुद्री ओटची रोपं घेऊन, गुडघ्यांवर बसून.
हार्लन बारमध्ये हसतो : एका उंदरासाठी?
डोंगर पोखरून उंदीर काढणारे ऐकले होते.
हे उंदीर यावा म्हणून डोंगर रचतात,
मूठमूठ वाळू, एकेक पातं,
वारा आणून टाकेल तेवढाच उंच.

मला रोपं जमत नाहीत. मी शिडी घेतली.
दारोदार गेलो, माझेच दिवे उतरवायला.
त्यांच्या जागी पिवळसर, टोपीवाले, मान खाली घातलेले.
नवव्या मजल्यावरची बाई म्हणाली,
मला अंधाराची भीती वाटते हो.
म्हटलं, मलाही.
तिने कॉफी केली. मी तिचा दिवा काढला.

टलूला गवतात नळ्या ठेवते, आत शाई, शाईपुढे कागद.
पहिला आठवडा : कोरा.
दुसरा : एक खेकडा, आडवातिडवा, सह्या करत गेलेला.
तिसरा : कोरा. चौथ्यांदा पाऊस शिरला.
पाचव्या कागदावर
मसुराएवढी पावलं, एका कडेने आत आलेली,
मध्येच थांबलेली,
मग कागद संपतो तिथूनही पुढे गेलेली.
तोच नर असेल का, मी विचारलं.
पावलांवरून कळत नाही, ती म्हणाली.

एकच दिवा राहिला होता, माझ्या पोर्चवरचा.
लोरेटाने लावून घेतलेला,
मी उशिरा यायचो म्हणून.
रोज संध्याकाळी आपोआप लागायचा,
ती गेल्यावरही.

काल काढला. होल्डर अजून कोमट होता.
उतरताना तिसऱ्या पायरीवर ठेचकाळलो,
कचकचीत शिवी हासडली,
मग दुसरी, जरा हळू.
काचेआड बिस्किट, आता घरातच कोंडलेली,
माझ्यावर रुसून टेकडीकडे बघत होती.
मीही बघितलं.
काही दिसलं नाही.
बराच वेळ, काहीच नाही.