कुठंतरी जातंय

काटा अर्ध्याच्या वर गेला तो आसरा चौकात,
दुपारी दोनला, सिग्नलवर.
मला वाटलं, ऊन.
सोलापुरात कशालाही कारण म्हणून ऊन चालतं.

पप्पांची झेन, नव्याण्णव सालची.
रोज सकाळी रेडिएटर उघडला की पाऊण लिटर कमी
आणि फरशीवर थेंब नाही.
टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा चिरून रात्रभर खाली पसरला.
सकाळी त्यावर तेलाचा एक ठिपका
आणि मांजरीचे पाय.

मी लॅबमध्ये रक्त काढते लोकांचं,
वहीत लिहायची सवय.
सोमवार सातशे मिली. मंगळवार साडेसहाशे.
बुधवार लिहायचा राहिला, नळाला पाणी येणार होतं,
पहाटे साडेतीनपासून मोटर धरून बसले होते.
आम्हाला पाणी पाचव्या दिवशी, हिला रोज.
आई म्हणाली, त्यापेक्षा म्हैस पाळ,
दूध तरी देईल.

रेवण हत्तुरेचं गॅरेज जुन्या विडी घरकुलाकडं.
"पांढरा धूर?" नाही.
तेलाचं झाकण उलटं करून त्यानं बोट फिरवलं,
साय धरलेली नव्हती. "हेड शाबूत हाय बघा की."
पंपाखालच्या बारीक भोकात कागदाची सुरळी घातली,
कोरडी आली.
होज एकेक दाबून पाहिले,
शीर सापडत नसली की मी दाबते तसे.
मग रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावला, तेरा पौंड,
आणि आम्ही काट्याकडं बघत बसलो.
चहा आला. तेरा.
चहा संपला. अकरा.
"जातंय," तो म्हणाला. "कुठंतरी जातंय."

रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस खंगत चाललेला,
असे येतात आमच्याकडे.
आम्ही त्यांना परत बोलावतो, उपाशीपोटी.

रेवणनं डावं दार उघडलं, वाकला,
डोकं आत घालून तसाच थांबला.
"गोड वास येतोय ओ मॅडम. पाक करपल्यावानी.
हितं कोण बसतं?"

आई.
महिनाभर म्हणत होती, पायाशी ओल आहे गं.
मी म्हटलं, तुझी बाटली सांडली असेल.
मी म्हटलं, साखर वाढली की पाय असे लागतात.
तीन महिन्यांची साखर काढली तिची,
स्वतः, दोनदा.

त्यानं मॅट उचलली, खालचा नमदा पिळला.
बोटांमधून हिरवं पाणी.

हीटरची जाळी, डॅशबोर्डच्या पोटात.
पप्पांशिवाय त्या खुंटीला कुणी हात लावला नव्हता.
ते लावायचे, भर मे महिन्यात, अक्कलकोट रोडला,
काटा चढला की काचा खाली आणि हीटर पूर्ण.
इंजिनाचा ताप आपण थोडा वाटून घ्यायचा, म्हणायचे,
आणि मागं आम्ही दोघी बहिणी
वळसंगपर्यंत शिजत.

"जाळी नवी मिळत नाही. काढायची तर अख्खा डॅश खोलावा लागतंय.
दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून देतो, तिला वगळून.
सोलापुरात हीटर कुणाला पायजे?"
खरं होतं. हो म्हणाले.
हातभर होज, दोन क्लिपा, तीनशे ऐंशी रुपये.
खुंटी अजून सरकते, इकडून तिकडं.
वहीत: शुक्रवार शून्य. शनिवार शून्य.

रविवारी आई बसली ती पाय अधांतरी धरून.
टेकव की, म्हटलं, कोरडं आहे आता.
तिनं चप्पल काढली,
अंगठ्यानं चाचपलं,
मग टाच ठेवली. बोलली काही नाही.

सात रस्त्याला म्हणाली,
मागं काहीतरी वाजतंय.
मला काहीच ऐकू येत नव्हतं.
मी गाडी बाजूला घेतली.