वालची चावी

सुधार प्रन्यासच्या आमच्या गाळ्यांना
पहाटे चारला पाणी येतं, पाऊण तास.
कधी तेवढंही नाही.
वालची चावी एकवीस वर्षं माझ्याकडे,
लोखंडी, कमरेएवढी, दाराआड उभी.
पाहुणा विचारतो, हे काय हत्यार?
मी म्हणते, हो.

तिसऱ्या मजल्यावर राजनांदगावची माणसं आली
तेव्हा जिन्यात मीच बोलले होते,
ऐकू जावं म्हणूनच:
"दोन खोल्यांत सात जणं! टाकी पुरते काहून?"
दुलारी निषाद नुसती भिंतीला सरकली,
डोक्यावर तांदळाचं पोतं, पदर दातात.

मे महिन्यात वणीला पोरीचं बाळंतपण निघालं.
चावी कोणाकडे द्यायची?
लांजेवार म्हणाले, माझी शुगर.
मेश्रामबाई म्हणाल्या, माझी झोप.
शेंड्यांचा पोरगा मोबाईलमधून वर न पाहता,
"काकू, बटणाचा वाल बसवून टाका न."

शेवटी वर गेले.
आत पाण्यात भिजवलेला रात्रीचा भात, कांदा,
आणि उड्डाणपुलाच्या सेंट्रिंगवरून आलेला
तिचा नवरा, बसल्या बसल्या झोपलेला.
"चार बजे उठती क्या?"
"साढ़े तीन," ती म्हणाली, "इनका डब्बा रहता है."
माझी हिंदी नागपूरची, तिची तिकडची.
हातानंच दाखवलं मग:
साडेतीन फेरे. शेवटच्या अर्ध्याला घाई नाही,
आटे जातात.

बावीस दिवसांनी परतले.
डांबर चपलेला चिकटत होतं.
दारापुढे माझीच बादली, भरलेली,
वर ताट, ताटावर वीट.
विटेखाली वहीचा कागद, शाळकरी अक्षर:
तारीख, किती मिनिटं,
आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी
"१०४ में ताला. एक बाल्टी रखा.
कल वाला पेड़ को डाला."
पेड़ म्हणजे डालड्याच्या डब्यातला माझा कढीपत्ता.
एवढ्या उन्हात त्याला पालवी.

मी वर चढले.
जिन्यात त्यांच्या चपलांचा तोच ढीग.
"ह्या बाजूला ठेवत जा न गं,"
हे बोलायचं राहू दिलं नाही मी.
तिनं चावी पुढे केली,
तेल लावून पुसलेली.
घेतली.
अर्धा जिना उतरले. गुडघा बोलला.
परत चढले.

"सोम ते बुध तू," म्हटलं,
"गुरु ते शनी मी.
रविवारी लांजेवारांना उठवू.
शुगरला चालणं बरं असतं."