वकील, मुक्काम इंदूर

बस्ता सत्तेचाळीस. लाल खारवा, सुतळीची गाठ,
सोडताना बोटांना खडूसारखं काही लागतं.
पानामागे चाळीस रुपये या बोलीवर मी मोडी वाचते
राजवाड्यामागच्या खोलीत, जिथला पंखा
कागद उडतील म्हणून कधीच लावत नाहीत.

हे मोरो विठ्ठल दिघे. ग्वाल्हेर दरबारचे वकील.
मुक्काम इंदूर, एकोणीस वर्षं.
काम काय, तर असणं.
दोन्ही दरबारांनी आपसात बोलायचं नाही,
बोलायचंच तर छावणीतल्या साहेबामार्फत.
तेव्हा दिघे लिहितात, विज्ञापना ऐसीजे,
दसऱ्याच्या दरबारी आपली बैठक डावीकडे चौथी,
गेल्या साली तिसरी होती.
अत्तर जाहलें, पान जाहलें.
यजमान सामोरे आले ते सात पावलं,
गालिच्याची कड धरली तर आठ.
अफूचा भाव. गवताचा भाव. खान नदीस पाणी नाही.
तीन महिन्यांचा तनखा आला नाही, दिव्याचं तेल उसनं.

याच दोन घराण्यांनी एकमेकांची गावं जाळली होती,
दिघ्यांच्या आजोबांच्या डोळ्यांदेखत.
आता पावलं मोजायची.

मी हसले. शफीकने चहा ठेवला, म्हणाला,
बाई, कागद वाचून हसणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

बस्त्याच्या तळाशी मात्र चिठ्ठ्या होत्या.
शिक्का नाही, मायना नाही, कागदही चतकोर.
अनंत हरी गुप्ते म्हणून कोणी,
होळकरांकडून लष्करला बसलेले, तितकीच वर्षं.
त्यांची म्हातारी आई इथे जुन्या इंदुरात,
दिघ्यांची लेक तिथे.

मातोश्रींच्या डोळ्यांत औषध घालून आलो.
मला तुम्हीच समजतात. ‘अनंता, वाळलास’ म्हणतात.
मी ‘हो’ म्हणतो.

आणि तिकडून, हिरवट शाईत:
तुमच्या दुर्गीस पाहावयास मंडळी आली.
मुलाचं नाक बरं, घर कर्जात.
तुमच्या वतीने नाही म्हटलं. रागावू नये.

मोडीत हात उचलायचा नसतो,
शब्दाला शब्द चिकटून धावत सुटतात,
कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं.
इथे मला तोडता येईना:

मातोश्री गेल्या. सांडणीस्वार पोचून तुम्ही येईतों
ठेवणं शक्य नव्हतं. अग्नी मी दिला.
भटजींनी नाव पुसलं, गोत्र पुसलं.
तुमचं सांगितलं.

दरबारी दुखवटा छावणीतून गेला,
इंग्रजीत, तर्जुम्यासह. पाच आठवड्यांनी पोचला.
त्याची नक्कल बस्त्यात सर्वांत वर आहे,
तिला क्रमांकही आहे.

काल रात्री भाचीचा फोन आला, युरोपातून.
दोन देश, नकाशावर अंगठा टेकला तर दोन्ही झाकले जातील,
त्यांची नावं मला अजून नीट म्हणता येत नाहीत.
एकाची दुसऱ्यातली वकिलात बंद झाली, खर्च परवडेना.
तीन खोल्या होत्या. ती तिथे टपाल बघायची.
पाटी काढली तर भिंतीवर चौकोन उरला, म्हणाली,
आणि झाडाच्या दोन कुंड्या कोणाच्या हे कागदोपत्री कुठेच नव्हतं.
शेवटी शेजारणीला दिल्या.
मी विचारलं, पाणी घालते का ती?
भाची म्हणाली, मावशी, तू पण ना.

शेवटच्या चिठ्ठीला कसर लागली आहे.
इतक्या वर्षांत आपली प्रत्यक्ष भेट
आणि पुढे भोक. त्यातून टेबल दिसतं.
झाली असेल. नसेलही.
नियमाप्रमाणे मी तीन टिंबं दिली.

तक्त्यात रकाने पाच: क्रमांक, तारीख, कोणाकडून, कोणास, विषय.
वरच्यांचं झालं होतं. शिष्टाचार. भाव. शिष्टाचार. तनखा.
चिठ्ठ्यांसाठी साहेबांनी शब्द ठरवून दिलाय, किरकोळ.
मी ‘कि’ काढला, थांबले.
शफीक दारात किल्ल्या वाजवत होता.