उभी चौकट

दर शुक्रवारी सहा ते नऊ
माझ्या आईच्या दोन मावश्या विणायला बसतात, लाइव्ह,
आणि चौदा माणसं बघतात.
त्यात एक मी,
आणि एक आमच्या बोटीवरचा स्वयंपाकी. तो बघता बघता झोपतो.

माग त्यांच्या आजोबांनी बांधलेला, इतका रुंद
की एकटीचे हात काठापासून काठापर्यंत पोचत नाहीत.
म्हणून उजवीकडे आस्ता, डावीकडे एल्फ्रीदे.
ही धोटा फेकते, ती झेलते.
पावडी. फणीचा ठोका.
ती फेकते, ही झेलते.
पावडी. ठोका.
नऊ वाजेपर्यंत घोंगडी वीतभर वाढलेली असते.

हिऊमा बेटावर डिसेंबरात
साडेतीनलाच अंधार पडतो.
बोटीची तिकिटं तपासून मी घरी येतो,
शुक्रवारचे तीन तास पुढ्यात पसरतो
आणि खडे निवडायला बसतो.
फरक एवढाच, की मी खडे ठेवतो
आणि धान्य टाकून देतो.

आस्ता खदखदून हसली: ठेव.
आस्ताने सुताच्या गाठीला शिवी हासडली,
पाद्रीबाबा समोरच्याच घरात राहतात: ठेव.
आस्ताची कॉफी ताण्यावर सांडली: ठेव,
आणि उचलून पहिल्याच सेकंदाला आण,
कारण बघणाऱ्याच्या अंगठ्याला धीर नसतो.
वर ठसठशीत पिवळी अक्षरं.
चाळीस सेकंद. संपलं.

आडवं चित्र उभं करायचं
म्हणजे तीन वाट्यांतले दोन सोडायचे.
उभ्या चौकटीत एक म्हातारी मावते,
दोन नाही.
मी आस्ता घेतली. कुणीही घेतली असती.
एल्फ्रीदे तीन तासांत दोनदा बोलते,
एकदा "दिवा लाव",
एकदा "पुरे".

सांडलेली कॉफी सत्तर हजारांनी पाहिली.
पुढच्या शुक्रवारी चौदाचे नऊशे झाले,
स्वयंपाकी बिचारा गर्दीत हरवला.
आणि ब्राझीलहून कुणीसं विचारलं,
तो धोटा भिंतीवर आपटून
आपोआप परत येतो का?

मी हसलो.
मग क्लिप पुन्हा लावली.
खरंच की. धोटा कडेला जाऊन नाहीसा होतो
आणि एका ठोक्यानंतर परत येतो,
जणू पलीकडे कुणी नाहीच,
नुसतं पलीकडे आहे.

त्या रात्री मी तीन तास परत पाहिले,
फक्त डावी बाजू.
धोटा झेलण्याआधी एल्फ्रीदे तळहात पदरच्या फडक्याला पुसते.
दर वेळी.
आस्ता हसायला लागली की ती हसत नाही,
धोटा हातात धरून ठेवते,
हसू संपेपर्यंत.
मग फेकते.
उभा जन्म तिने हेच केलं असणार,
आणि माझ्या उभ्या चौकटीत नेमकं तेच बसत नव्हतं.

मग मी चौकट दुमजली केली.
वर एल्फ्रीदे, खाली आस्ता.
धोटा वरच्या मजल्यावर उजवीकडून सुटायचा
आणि खालच्या मजल्यावर डावीकडून शिरायचा.
पहाटे तीनपर्यंत मी स्वतःवर फार खूश होतो.

रविवारी फोन घेऊन गेलो.
आस्ताने चष्मा शोधला, पाहिलं,
टेबलावर थाप मारली:
"बघ! साठ वर्षं सांगतेय सगळ्यांना,
ही माझ्या डोक्यावर बसलीये!"

एल्फ्रीदेने फोन घेतला,
आधी तळहात पुसून.
एकदा पाहिलं. पुन्हा पाहिलं.
तिसऱ्या खेपेला म्हणाली, थांबव.
दोन मजल्यांच्या मध्ये
केसाएवढी काळी रेघ होती,
तिच्यावर नख टेकवलं.

"तानेल,
इथलं कापड कुठे गेलं?"