कुत्र्याचे वेगळे आठ पौंड

पाटीवर लिहिलंय: कुत्र्यांसह स्वागत.
खरं तर उलट लिहायला हवं होतं.
आधी मागच्या सीटवरून एक नाक उतरतं,
मग त्याच्या सोबतीला आलेलं कुटुंब.

वेल्सच्या सीमेवर, चढाच्या पायथ्याशी
तीन खोल्या, एक अंगण, चिखल पुसायला जुने टॉवेल.
कुत्र्याचे वेगळे आठ पौंड, दर रात्री.
त्यात काय काय येतं विचारू नका:
सोफ्याच्या फटीतले केस, दारावरचे ओरखडे,
पलंगाखाली राहिलेला, लाळ वाळून कडक झालेला चेंडू.
दर सोमवारी वॉशिंग मशीनच्या गाळणीतून
मी एक आख्खं पिल्लू बाहेर काढते.

नियम दोनच.
मेंढ्या विण्याच्या दिवसांत दोरी सोडायची नाही.
आणि फाटक जसं दिसलं तसंच ठेवून जायचं,
उघडं तर उघडं, बंद तर बंद.

डेस्मंड हॅथर्ली सात वर्षं आले,
ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, कोपऱ्यातली खोली,
थिंबल नावाची तपकिरी स्पॅनियल.
यंदा मुलगी आली, इमोजन.
पैसे आधीच भरलेले, परत मिळत नाहीत,
आणि हिला ठेवणार कुठे, म्हणाली.
दोरी अशी धरलेली,
जशी अनोळखी बाईची पिशवी
जरा वेळ सांभाळायला घ्यावी.

सकाळी तिनं वाट विचारली.
मी म्हटलं, थिंबलला माहीत आहे.

दुपारी परतली ती बूट न काढताच
माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.
फरशी नुकती पुसलेली. मी गप्प राहिले.

'ही मध्येच बसते,' म्हणाली.
'कुंपणाची पायरी ओलांडली की बसते.
त्या वाकड्या काटेरी झाडाखाली बसते.
मेंढ्यांच्या हौदापाशी. मग वर, चढ संपायच्या आत,
तीनदा.
ओढली तरी हलत नाही.
मग आपली आपण उठते,
कुणी चल म्हटल्यासारखी.'

म्हातारी झाली असेल, असं मी म्हणू शकले असते.
पण आदल्याच संध्याकाळी तिनं
एका सशापायी सबंध कुरण पालथं घातलं होतं,
आम्ही दोघींनी पाहिलं होतं.

चहा तसाच निवला.
इमोजन टेबलावर बोटं मोजत होती.
सहा ठिकाणं.
दम कुत्रीला लागत नव्हता.
कुत्री दम धरत होती,
दुसऱ्या कुणाला दम खाता यावा म्हणून.

'फोनवर सांगायचे,' ती म्हणाली,
'आज टेकडी एका दमात चढलो.'

आणि मग, माझ्याकडे न बघता,
'नेस्टा, तुम्हाला माहीत होतं?'

माझ्या सिंकवरची खिडकी त्या चढाकडेच उघडते.
तीन ऑक्टोबर मी बशा धूत पाहिलं होतं,
निळी टोपी थांबायची,
दर वर्षी जरा अलीकडेच थांबायची.
एकदा विचारलंही.
हसून म्हणाले, 'कुत्री दमते हो.'
टेबलाखाली थिंबल, शेपूट आपटत,
आळ बिनतक्रार घेऊन बसलेली.

मी फाटक जसं दिसलं तसंच ठेवलं होतं.
हे तिला सांगितलं.
तिला ते पटलं नाही. पटावं असं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या.
मी भांडी घासायचं टाळलं,
मग घासलीच.
काटेरी झाडाखाली दोन ठिपके, एक बसका, एक उभा.
बराच वेळ.
मग दोन्ही बसके.

निघताना तिनं घोंगड्या स्वतः झटकल्या,
वाडगा विसळून ओट्यावर पालथा घातला.
थिंबलला पुढच्या सीटवर घेतलं.
ते कायद्यात बसतं की नाही, देव जाणे.
गाडी वळणाआड गेल्यावर दिसलं,
फाटक सताड उघडं टाकून गेली होती.
आली तेव्हा बंद होतं.

जाऊन लावायला हवं होतं मी.
संध्याकाळी प्रोसरच्या चार मेंढ्या आत शिरल्या
आणि माझी कोबीची आख्खी रांग
शांतपणे खाऊन गेल्या.