निधान

आमची गाडी उतारावर निजते.
सेल्फ गेला त्याला तीन वर्षं झाली,
तेव्हापासून बेळगाव मला चढ-उतारांनीच कळतं.
कपिलेश्वर पुलाची कड चांगली.
गोवावेस सपाट, तिथं इंजिन बंद करायचं नाही.
सिव्हिलच्या मागं एक बोळ आहे,
डोळ्यांना सपाट वाटतो,
पण चहाचा उरलेला घोट ओतून बघा,
नशीब कुठल्या बाजूला आहे ते कळतं.

पोरीचं ॲडमिशन घ्यायला गेलो तेव्हा
मी शाळा बघितली नाही,
फाटकापुढचा रस्ता बघितला.

टू-नॉट-सेव्हन. पोरीपेक्षा चार वर्षांनी थोरली.
उचगावच्या फाट्यावर माझं शेड आहे,
खिडक्यांच्या जाळ्या, गेटं, जिन्याचे कठडे.
सकाळी मागं लोखंड असतं,
दुपारी भारताच्या माहेरची रताळी,
आणि क्लास सुटला की केबिनमध्ये चार पोरी
गुडघे गिअरपासून लांब धरून बसतात.
एकदा एक म्हैस आणली बाचीहून.
हिंडलग्यापर्यंत मागच्या फुटक्या काचेतून
ती माझ्या मानेवर श्वास सोडत होती,
आणि मला, खरं सांगतो, बरं वाटत होतं.

ड्रायव्हरकडची काच तळहातानं वर ढकलायची.
डाव्या दाराला सुंभाची दोरी.
चंदगडच्या लग्नाला भारता इरकल नेसून निघाली,
सीटवर आधी पेपर, पेपरवर टॉवेल, टॉवेलवर ती.
उताराला गाडी लावून अर्धा मैल चालत गेलो.
मांडवात शिरता शिरता ती म्हणाली,
अत्तर लावून काय उपयोग,
आपल्याआधी डिझेल पोचतंय.

शिनोळीच्या अलीकडं एकदा भर बाजारात बंद पडली.
सपाट, अगदी परातीसारखं.
मी खाली उतरायच्या आत सात-आठ हात लागले,
कोण ‘ढकला’ म्हणत होतं, कोण ‘दब्ब्री, दब्ब्री’,
आणि इंजिन
दोन्ही शब्दांवर धरलं.

मागच्या फळीवर कानडीत काही लिहिलं होतं.
गाडी हासनकडची, तिसऱ्या हाताची,
रंग उडून एकच शब्द शिल्लक.
मला कानडी बोलता येतं बाजारापुरतं,
वाचता येत नाही.
पोर तिसरीत असताना तिनं बोट ठेवून वाचला:
नि-धा-न.
मी म्हटलं, बघ की, निधान!
ठेवा. पुरलेलं धन.
दर अमावास्येला लिंबू-मिरची बांधताना
त्या शब्दालाही कुंकू लावलं,
सहा वर्षं.

मग दस्तगीर मेकॅनिकनं खालून, जॅकशेजारून, विचारलं,
त्या फळीला कुंकू कशाला?
सांगितलं तर हसता हसता त्याचा पाना निसटला.
अरे, निधान म्हणजे हळू.
‘हळू चालवा’ असणार ते.
आपल्याकडचे कानडीवाले सावकाश म्हणतात
म्हणून तुला ठाऊक नाही.

घरी येताना मी तिसऱ्याच गिअरमध्ये होतो.
सांबऱ्याकडून एक विमान उतरत होतं,
मागून एक बस हॉर्न मारून मारून थकली.
साठच्या वर ही गाडी कधी गेलीच नाही,
आणि आठ वर्षांत तिनं
कुणाला कुठं पोचवायचं राहू दिलं नाही.
दोन्ही अर्थ लागू पडतात की.
भारताला म्हटलं तसं.
ती म्हणाली, आधी सेल्फ बसवून घ्या.

बसवला. परवाच. किल्ली फिरवली की
खाकरते आणि उठते, म्हाताऱ्या माणसासारखी,
कुणाचा हात न धरता.

तरी रात्री शेडमधून परतताना
बोळाच्या तोंडाशी हात आपोआप वळतो,
नाक खाली, दुसरा गिअर,
मागच्या चाकाला दगड.
पोर आता कॉलेजात जाते, गाडी शिकतेय.
काल तिनं किल्ली लावलीच नाही.
दगड काढला, क्लच दाबून बसली,
आणि गाडी आवाज न करता
बोळातून खाली जायला लागली,
टायरखाली खडी तेवढी वाजत होती,
मी दारात, तोंडात ब्रश,
ती क्लच सोडायची
वाट बघत.